मामांचा पट्ठा

आमच्या हॉलमध्ये शिरल्यावर पाहुण्याला सगळ्यात आधी दिसायचं ते एक तोंड. चेहरा नव्हे, नुसतं तोंड. काचेला आतून चिकटलेलं, गोल, फिकट पिवळट, मध्ये भोक आणि भोकात सतत काहीतरी हलणारं. बाथरूममध्ये हूक चिकटवायला रबराची चकती मिळते, तिला जीव फुटला आणि ती चघळायला लागली तर कशी दिसेल, तसं. पाहुणे "बाई बाई, काय हे!" म्हणायचे आणि चहा अर्धाच ठेवून उठायचे. त्यांचं काही चुकत नव्हतं. मी स्वतः त्या खोलीत चहा पिणं कधीच सोडलं होतं.

मला मासा तळायला येतो, आमटीत घालायला येतो. पाळायला येत नाही आणि शिकायचंही नाही. हे मी लेकीला तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं. पण दहावी झाल्यावर बक्षीस म्हणून तिने काचेची टाकी मागितली आणि तिच्या बापाने, म्हणजे आमच्या ह्यांनी, लगेच मान डोलावली. ह्यांची नोकरी वारणानगरला. सकाळी डबा घेऊन जातात ते दिवेलागणीनंतर येतात. त्यामुळे घरात काय आणायचं ते हे ठरवतात आणि आणलेलं मी धुते, अशी आमची वाटणी आहे.

दुकानदाराने चार सोनेरी मासे पिशवीत घातले आणि वर एक काळपट, करंगळीएवढं काहीतरी दाखवलं. "वैनी, ह्यो सकर बी घ्या. टाकीतलं शेवाळ खातोय, घाण खातोय. तुमास्नी टाकी धुवायलाच नको."

"केवढा होतो?" मी विचारलं.

"टाकीएवढंच वाढत्यात वैनी ही. ल्हान टाकी, ल्हान मासा."

मी उचगावच्या एका शाळेत शिकवते. कोणी पोरगा वर्गात असलं काही बोलला असता तर मी त्याला उभा करून विचारलं असतं, लहान खोलीत ठेवलं म्हणून माणसाचं पोर लहान राहतं का रे? पण दुकानात उकडत होतं आणि 'धुवायलाच नको' एवढं ऐकून माझे कान तृप्त झाले होते. सकर आमच्या घरी आला.

पहिलं वर्षभर तो कुठे आहे हे शोधावं लागायचं. मग शोधावं लागेनासं झालं. लेक बारावी करून पुण्याला गेली आणि टाकी मागे ठेवून गेली, तोवर तो वीतभर झाला होता. त्याच सुमाराला सोनेरी मासे एकेक करून मरायला लागले. एकाला बाहेर काढलं तर त्याच्या अंगाची एक बाजू खरवडल्यासारखी झालेली, खवले गेलेले, आतलं गुलाबी मांस दिसत होतं. पाण्यात काही रोग असेल म्हणून मी औषध आणलं. मग एका सकाळी केर काढताना दिसलं. शेवटचा सोनेरी मासा कसाबसा तरंगत होता आणि त्याच्या कुशीला हे तोंड लागलं होतं, शांतपणे, निवांतपणे, जणू तिथेही शेवाळच आलंय. मी झाडूचा दांडा काचेवर आपटला. तो सुटला, तळाला गेला आणि एक डोळा आत ओढून माझ्याकडे बघत बसला. घाण खायला ठेवलेल्याने घरातल्यांनाच खाल्लं. कुंपणानंच शेत खाल्लं, दुसरं काय.

त्याच दिवशी त्याला फेकून द्यायला हवं होतं, पण त्याच महिन्यात माझ्या सासूबाई गेल्या आणि घरातलं सगळंच उलटंपालटं झालं.

सासऱ्यांना मी मामा म्हणते, हे आप्पा म्हणतात. मामा म्हणजे जुने पैलवान. फार मोठं नाव नव्हतं त्यांचं, पण पेठेतल्या तालमीत त्यांनी आयुष्य घालवलं आणि पुढे तिथलेच वस्ताद झाले. एका बैठकीला ज्वारीच्या चार भाकऱ्या, मटणाचं भांडं आणि दूध कट्ट्यावर म्हशीखाली पेला धरून थेट काढलेलं दूध, असं त्यांचं जेवण. सासूबाई गेल्यावर ते अर्ध्या भाकरीवर आले. मग चतकोरावर. मी ताट वाढून त्यांच्यासमोर ठेवायची, शाळेची तयारी करायला आत जायची आणि परत येऊन बघायची तर ताट तसंच. पातळ भाजी सुकून कडेला साय धरलेली. विचारलं तर म्हणायचे, "भूक न्हाय पोरी."

त्यांचे दंड उतरले. सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसायला लागला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, रोग काही नाही, पण हा माणूस जेवला नाही तर औषध कशाच्या जोरावर चालणार? असंच चाललं तर फार दिवस काढणार नाहीत. हे रात्रभर कूस बदलत होते. मी मामांसाठी तांबडा रस्सा केला, पांढरा केला, अंड्याची खांडोळी केली, शेवटी पोरासारखं भरवायलाही बसले. मामांनी माझा हात बाजूला केला.

आणि मग एक दिवस त्यांच्या ताटातली काकडीची फोड त्यांनी उठून टाकीत टाकली. का टाकली कोण जाणे, बहुतेक संपवायचा कंटाळा आला म्हणून. सकर काचेवरून सुटला, फोडीवर जाऊन बसला आणि तिचा मधला मऊ भाग कोरून नुसतं हिरवं कडं शिल्लक ठेवलं. मामा बघत राहिले. "खातंय की बेणं!" म्हणाले. मग ते ताटावर बसले आणि अर्धी भाकरी संपवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची टाकीसमोर ओढली. आधी त्याला घालायचं, तो खायला लागला की मग आपला घास. तालमीचा त्यांचा नियमच तसा होता. वस्तादाने पट्ठ्यासमोर बसायचं, त्याच्या पोटात खुराक गेलेला डोळ्यांनी बघायचा आणि मगच आपल्या तोंडात घालायचं. हा नियम त्यांनी आयुष्यभर पाळला होता आणि आता तो त्यांनी एका माशाला लावला. अर्ध्या भाकरीच्या दोन झाल्या. वजन वाढलं. डॉक्टर म्हणाले, "काय केलंत वहिनी?" मी काय सांगणार? म्हटलं, वातावरण बदललं.

वातावरण बदललंच होतं, नाक धरावं लागायचं. कारण कोल्हापूरच्या माणसाने एकदा खाऊ घालायचं मनावर घेतलं की तो काकडीवर थांबत नाही. उकडलेलं अंडं आलं. मग खिमा आला, "दातांला बरा" म्हणून. आणि एका रविवारी मी भांडी घासून बाहेर येते तो टाकीतलं पाणी पांढरंशुभ्र! मामांनी पैलवानांची थंडाई, बदाम घोटून दुधात कालवलेली, अख्खा पेला आत ओतली होती.

"मामा, मासा मरंल की ओ!"

"पट्ठ्याला बदाम नगं?"

दुसरा कुठलाही मासा त्या पाण्यात उलटा पडला असता. हा मेला नाही. दुधातून सरळ वर यायचा, तोंड काढून हवा गिळायचा आणि परत आत जायचा. पाणी मी बदललं. बादल्या भरून, हाताने, रबरी नळी तोंडाने ओढून. एकदा ते पाणी तोंडात आलं. सडलेलं अंडं, नासकं दूध आणि शेवाळ यांची चव एकत्र कशी लागते हे मला माहीत आहे आणि ते ज्ञान मला कोणालाही द्यायचं नाही.

आणि त्याची विष्ठा! ज्याला घाण खायला आणला तो घाण करण्यात सगळ्यांचा बाप निघाला. लांबच लांब, तपकिरी, शेवयांसारखे धागे, त्याच्या मागे लोंबत असायचे, दगडांत अडकायचे, नळीत गुंतायचे. तेव्हापासून आमच्या घरात शेवयांची खीर होत नाही. खायला काळ आणि भुईला भार ही म्हण ज्याने केली त्याने आमचा सकर पाहिला असावा.

तो वाढत गेला. दीड वीत, दोन वीत. ह्यांनी मोठी टाकी आणली, तीही पुरेना. त्याला वळायचं असलं की शेपूट या काचेला आणि डोकं त्या काचेला लागायचं, मग तो अंग दुमडून, घासत, खरखर आवाज करत फिरायचा. खवले नाहीत त्याला, चिलखत आहे, पॉलिश पेपरसारखं खरबरीत, आणि पंखांपुढे काटे. तालमीतली म्हातारी मंडळी यायची, मामांच्या पाठीवर थाप मारायची. "नाद खुळा वस्ताद! लई जोर धरलाय पट्ठ्यानं!" मामांची छाती फुगायची. मी आत जाऊन उदबत्ती लावायची.

माघ आला. माघातल्या रविवारी जोतिबाचे खेटे घालायला कोल्हापूरची माणसं चालत डोंगरावर जातात. मामांचे गुडघे आता चालत नाहीत, पण मित्रांनी गाडी केली आणि त्यांना नेलं. दार लागल्याबरोबर मी ह्यांना म्हटलं, "अहो, उठा. आज हे ध्यान घरातून जाईल, नाहीतर मी जाईन."

"अगं, पण आप्पा?"

"मामा आता दोन भाकऱ्या खातात. सवय लागली त्यांना. मासा गेला म्हणून भूक जाते का?"

मला तसं खरंच वाटत होतं. आम्ही तो रंगाच्या रिकाम्या बादलीत घातला, वर झाकण लावलं आणि दुकानात गेलो.

दुकानदाराने झाकण उचललं, आत बघितलं आणि लगेच परत लावलं. "न्हाय वैनी. जागाच न्हाय. या, बघा."

त्याने आम्हाला मागे नेलं. तिथे सिमेंटचं एक टाकं होतं, वर फाटकी जाळी. पाणी नव्हतं ते, रबडी होती. आत सगळी परत आलेली मंडळी. आमच्यासारखेच सकर एकमेकांवर थर लावून पडलेले. शार्क म्हणून विकतात तो मिशाळ मासा, खरा आपल्या मांगूरच्या भावकीतला, भिंतीला धडकून धडकून त्याचं नाक सोलून निघालेलं. आणि तळाला एक लाल शेपटीचं धूड, एवढं की मला आधी ते पोतं वाटलं. त्याने जबडा उघडला. आत माझी मूठ गेली असती.

"ह्यो तीन-चार फुटाला जातोय," दुकानदार कौतुकाने म्हणाला. "घेताना बोटाएवढा असतोय."

"आणि आमचा?"

"दीड फूट तर घरातच हुतोय. धा-पंधरा वर्सं कुटं जात न्हाय."

"तुम्ही म्हणाला होता, टाकीएवढाच वाढतो!"

"वैनी," तो अगदी समजुतीने म्हणाला, "तसं म्हटल्याबिगार घेतंय कोण?" आणि मग आम्हाला गाडीपर्यंत सोडायला येऊन सल्ला दिला. "पंचगंगेत सोडा. सगळी तितंच सोडत्यात. पुण्य लागतंय."

पुण्य! तरी आम्ही गेलो, कारण बादली मांडीवर घेऊन मी आणखी किती फिरणार होते? घाटापासून थोडं खाली, जिथे जाळी वाळत घालतात, तिथे गाडी लावली. खाली उतरताना वास आला. कडेला दगडांवर ढीग होता. सकरांचा. जाळ्यात सापडलेले, जाळं कापून काढलेले आणि फेकलेले. काही सुकून लाकडासारखे झालेले, काही ताजे, डोळे चोचीने काढलेले, पण अंगाला कावळ्याचीही चोच लागलेली नव्हती. ते चिलखत फुटत नाही. जाळ्याचे तुकडे अजून त्यांच्या काट्यांत अडकलेले होते. नदीतले आपले मासे कुठे गेले हे त्या ढिगाकडे बघून कोणालाही कळलं असतं. कोणाचं तरी पुण्य तिथे सडत पडलं होतं.

हे बादली घेऊन पाण्याकडे निघाले होते. मी म्हटलं, "नको. चला घरी."

घरी आलो तर दार उघडं. मामा परत आले होते. टोपीवर, खांद्यांवर, भुवयांवर जोतिबाचा गुलाल, आणि ते खुर्चीत बसलेले, रिकाम्या टाकीसमोर. मी झाकून ठेवलेलं ताट त्यांच्या मांडीवर होतं. भाकरीचा तुकडाही मोडलेला नव्हता.

"कुठं गेलतासा दोघं?"

हे बादली पाठीमागे लपवायला लागले.

"डोंगरावर समदी जेवली," ते म्हणाले. "मी म्हटलं, घरी जाऊन जेवतो. त्याचं व्हायचं हाय अजून."

माझा तोल गेला. सकाळपासून साठलेलं सगळं तोंडावाटे आलं. "मामा, मासा आहे हो तो! किळसवाणा, घाणेरडा मासा! त्याच्याकडे बघून आम्हाला जेवण जात नाही आणि तुम्हाला त्याच्याशिवाय घास उतरत नाही?"

"उतरत न्हाय," मामा म्हणाले. रागाने नाही. बघितलेली गोष्ट सांगावी तसं. "समोर दुसरं कोण हाय? तुझी सासू बसायची. मी उठंपतूर हलायची न्हाय. आता तू वट्ट्यापाशी हुभी ऱ्हाऊन खातीस, घाईगडबडीत. माझा ल्योक तिकडं कामावर डब्यात खातोय. माझ्यासमोर बसून खाणारा ह्यो मासाच की एकटा."

ह्यांनी बादली खाली ठेवली. बादलीच्या आत खरखर झाली.

शेवटी मामाच उठले. "टाकीत नगं आता. वळता बी येत न्हाय त्याला. मागं म्हशीचा हौद हाय की."

घरामागे दगडी हौद आहे, म्हशी होत्या तेव्हाचा. म्हशी विकल्यापासून त्यात मोडक्या खुर्च्या पडलेल्या. ह्यांनी त्या काढल्या, हौद घासला, बोअरचं पाणी सोडलं. मासा बादलीतून उचलायला मी टॉवेल घेतला, तर त्याचे काटे टॉवेलात अडकून बसले आणि निघेनात. हे नळ धरून उभे, मामांना वाकता येत नाही. राहिले मी. मी हात घातला. थंड, बुळबुळीत पोट आणि वर खरवडणारी पाठ, दोन्ही एकदम हाताला लागलं. आणि तो जड! मी एकेक काटा सोडवत होते तेव्हा त्याचं ते तोंड वळलं आणि माझ्या मनगटाला चिकटलं. चावला नाही. नुसता ओढत राहिला. मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारीण गच्चीवर आली.

मामा हसले. सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदा, पोट धरून. "वळख दिली बघ तुला!"

मासा हौदात गेला. तळाला जाऊन एकदा पूर्ण गोल वळला, कुठेही न घासता, आणि स्थिर झाला. मी साबणाने हात धुतले, परत धुतले. मनगटावर लाल गोल उमटला होता. मामांनी काठावर बसून काकडीची फोड टाकली. तोंड फोडीवर बसलं. मी म्हटलं, झालं, आता जेवतील. पण ते ताट हातात घेऊन माझ्याकडे बघत होते.

"आन तुझं ताट?"

"मी नंतर जेवते मामा."

"नंतर न्हाय. पट्ठ्यांच्या आदी वस्ताद खात न्हाय. बस."

मी ताट आणलं. काठाच्या दगडावर बसले. समोर पाण्यात ते तोंड काकडी कोरत होतं, हाताला अजून त्याचा ओशट वास येत होता, आणि मामा माझ्या हाताकडे बघत थांबले होते. या घरात मी सून होऊन आले तेव्हापासून वाढत आले आहे. माझा घास तोंडात जातोय का हे कोणी थांबून बघितल्याचं मला आठवत नाही. मी भाकरी मोडली आणि खाल्ली. मग त्यांनी मोडली.

तेव्हापासून संध्याकाळी आम्ही तिथेच जेवतो. हे लवकर आले तर तेही. थंडी पडली की मामा हौदावर पोती टाकतात. थंडाई मात्र मी बंद केली आहे. मासा अजून वाढतोय, आणि मला त्याची किळस अजून तेवढीच येते, त्यात काही फरक पडलेला नाही. पहिला घास मी डोळे मिटून घेते. घ्यावाच लागतो. मी घेतल्याशिवाय मामा घेत नाहीत.